देवगाव फाट्यावर तुटलेली क्लचवायर

मराठवाड्यात कितीतरी ठिकाणी गावापेक्षा गावाचा फाटाच जास्त ओळखीचा असतो. गाव आत कुठेतरी राहते आणि डांबरी रस्ता जिथे फुटतो तिथे चहाचे हॉटेल, पंक्चरचे दुकान, पानटपरी आणि एसटीची वाट बघणारी माणसे यांचा वेगळाच संसार उभा राहतो. जालना जिल्ह्यातला वाटूर फाटा तसा, आमच्या परभणीकडचा झिरो फाटा तसा आणि सेलू तालुक्यातला देवगाव फाटाही तसाच.

जालन्याहून मंठ्यामार्गे येणारा रस्ता देवगाव फाट्यावर दोन वाटांनी जातो. एक वाट चारठाण्याच्या बाजूने जिंतूरला आणि पुढे औंढा नागनाथकडे जाते. दुसरी दक्षिणेला वळून सेलूला आणि तिथून पाथरीकडे जाते. चारठाण्याची जुनी मंदिरे आणि दीपमाळ पाहायला लांबून माणसे येतात, सेलूच्या कापसाच्या बाजाराला शेतकरी येतात. पण देवगाव फाट्यावर मुद्दाम म्हणून कोणी येत नाही. येथे माणूस थांबतो तो गाडी बदलायला, नाहीतर गाडी बिघडली म्हणून. आम्हीही असेच थांबलो, आणि त्या एका रात्री जे शिकलो ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही पेशाने कारकून. सुट्टी मिळाली की वस्तीवस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, प्रवेशाची कागदपत्रे यांच्यामागे धावायचे, हा आमचा दुसरा धंदा. त्यात मिळकत नाही एवढेच. २०१५ सालची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. सेलूच्या एका हमालाच्या मुलीला नर्सिंगचा प्रवेश मिळाला होता आणि जातीच्या दाखल्यासाठी तिच्या आजोबांच्या शाळेचा जुना उतारा हवा होता. आजोबा शिकले मंठा तालुक्यातल्या एका खेड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीच्या कार्यालयात कागद दिला नाही तर मुलीचे वर्ष वाया जाणार होते. आम्ही रजा काढली, वस्तीतला एक तरुण सोबत घेतला आणि आमच्या शंभर सीसीच्या जुन्या मोटारसायकलवर निघालो. रजिस्टर फार जुने, पाने चिकटलेली. नाव सापडून, उतारा लिहून, सही-शिक्का होईपर्यंत अंधार पडला.

परत येताना फाटा अगदी जवळ आला असताना डाव्या हातातली क्लचची लिव्हर एकदम ढिली पडली आणि मुठीला येऊन टेकली. वायर तुटली होती. काय करावे ते सुचेना. घाबरून ब्रेक दाबला, तशी गाडी हिसका देऊन बंद पडली. मग दोघांनी ढकलत फाट्यापर्यंत आणली. रात्रीचे आठ वाजून गेले होते. सेलूची एसटी नुकतीच गेली होती आणि पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता.

गॅरेजवाले मिस्त्री दुकान बंद करण्याच्या बेतात होते. वय पन्नाशीच्या पुढचे, अंगात तेलाचा सदरा, गळ्यात मफलर. त्यांनी बॅटरीच्या उजेडात वायर ओढून पाहिली. वरची गोळी तुटली असती तर दुसरी गोळी स्क्रूने आवळून काम भागले असते. पण वायर खालच्या बाजूला, कव्हरच्या आतच उसवली होती.

"तुमच्या गाडीची वायर संपली बघा, भाऊ. माल उद्या येईल," मिस्त्री म्हणाले.

आम्ही पिशवीतला कागद आणि उद्याची मुदत सांगितली. मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वायर न्हाई म्हणून काय झालं? बिगर क्लचची गाडी जाती की घरापर्यंत. पण मी सांगतो तसं चालवावं लागंल. गाडीवर एकटंच जायचं."

खरे सांगायचे तर आम्हाला वाटले, मिस्त्री आमची समजूत काढत आहेत. क्लच न दाबता गिअर टाकला तर गिअरबॉक्स फुटतो, हे आम्ही गाडी शिकलो तेव्हापासून ऐकत आलो होतो. तेव्हा मिस्त्रींनी स्वतःची गाडी काढली, आम्हाला मागे बसवले आणि मंठ्याच्या रस्त्यावर एक फेरी मारली. निघताना त्यांनी डाव्या हाताने लिव्हर एकदाच दाबली. त्यानंतर डावा हात नुसता मुठीवर टेकवलेला. दुसरा, तिसरा, चौथा गिअर पडला, पुन्हा खाली उतरला, आणि मागे बसलेल्या आम्हाला एकही हिसका बसला नाही. त्या मुठीवरच्या हाताकडे आमचे लक्ष तेव्हाच गेले. मधले बोट, अनामिका आणि करंगळी, तिन्ही नव्हती.

परत आल्यावर मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या पोत्यावर उघडून ठेवलेल्या एका इंजिनातले दोन गिअर उचलून दाखवले. आम्ही बी.कॉम. झालेले, यंत्राशी संबंध नाही, पण त्या रात्री जे कळले ते असे.

इंजिनाचे फिरणे चाकापर्यंत जाताना मध्ये दोन ठिकाणे लागतात. पहिला क्लच. त्यात एकमेकींवर दाबून बसलेल्या प्लेटा असतात. लिव्हर दाबली की प्लेटा सुट्या होतात आणि इंजिनाचा पुढच्या यंत्राशी संबंध तुटतो. दुसरा गिअरबॉक्स. आपल्याला वाटते गिअर टाकताना दातेरी चाके एकमेकांत घुसतात आणि म्हणून खरखर होते. मोटारसायकलमध्ये तसे नसते. तिथली दातेरी चाके कायमच एकमेकांत गुंतलेली असतात. फरक एवढाच की काही चाके दांड्यावर मोकळी फिरत राहतात. गिअरच्या अंगाला आडव्या जाड खुंट्या असतात आणि शेजारच्या गिअरला त्या खुंट्यांसाठी खाचा. आपण पायाने खटका दाबला की एक गिअर दांड्यावर बाजूला सरकतो, खुंट्या शेजारच्याच्या खाचेत बसतात आणि मोकळे फिरणारे चाक दांड्याला जखडले जाते. गिअर पडला म्हणजे एवढेच झाले.

आता इंजिन जोर लावत असते तेव्हा या खुंट्या खाचेच्या एका कडेवर घट्ट दाबलेल्या असतात. तेव्हा कितीही लाथा मारा, त्या सुटत नाहीत. क्लच दाबला की हा दाब जातो आणि खुंटी अलगद बाहेर येते. पण दाब घालवायचा क्लच हा एकच मार्ग नाही. अ‍ॅक्सिलेटर झटकन थोडा मिटला तरी एक क्षण असा येतो की इंजिन चाकाला ओढत नाही आणि चाकही इंजिनाला ओढत नाही. त्या क्षणी खुंट्या खाचेत सैल असतात. पाय आधीच खटक्यावर हलका टेकवलेला असेल तर गिअर आपोआप सरकतो. जोराचे काम नाही, वेळेचे आहे.

"पाय दाबू नगा, नुसता ठिवा," मिस्त्री म्हणाले. "हातानं मूठ सैल करा, गिअर आपुआप जातोय. कानानं ऐका."

गिअर उतरवताना उलटे. त्याच वेगाला खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फिरावे लागते. म्हणून मूठ सैल करून गिअर सुटला की लगेच थोडी मूठ वाढवायची, इंजिनाचा आवाज चढवायचा आणि त्या आवाजावर खालचा गिअर टाकायचा. जुन्या ट्रकचे ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून मध्ये अ‍ॅक्सिलेटर देत गिअर उतरवत, त्यामागचे तत्त्व हेच. दोन फिरत्या वस्तू जोडायच्या तर आधी त्यांची चाल सारखी करा.

दोन ठिकाणी मात्र ही विद्या चालत नाही, हे मिस्त्रींनी दोनदा बजावले. एक, उभी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून निघणे. इंजिन फिरते आहे आणि चाक उभे आहे, तेव्हा दोघांची चाल सारखी होणारच नाही. एक तर गाडी उडी मारील नाहीतर बंद पडेल. दुसरे, थांबणे. गाडी गिअरमध्ये असताना थांबली की इंजिन बंद. म्हणून थांबायच्या कितीतरी आधी एकेक गिअर उतरवत न्यूट्रल करून ठेवायचे. चाळिसाच्या वर जायचे नाही, पुढच्या गाडीच्या फार मागे राहायचे, गाव दिसले की आधीच दुसऱ्या गिअरवर यायचे.

आम्ही उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बनियनच्या आत ठेवला. सोबतच्या तरुणाला मिस्त्रींनी सेलूला जाणाऱ्या एका मालवाहू टेम्पोत बसवून देण्याचे कबूल केले. न्यूट्रलमध्ये किक मारली, इंजिन हळू चालत ठेवले आणि दोघांनी मागून ढकलले. गाडी माणसाच्या पळण्याच्या वेगाला आली तसा खटका दाबला. एक हिसका बसला आणि गाडी निघाली. मागून मिस्त्री ओरडले, "मूठ सैल!" आम्ही मूठ सैल केली. टक्‌ असा बारीक आवाज आला आणि दुसरा गिअर पडला. तो आवाज अजून कानात आहे.

देवगाव फाटा ते सेलू हा रस्ता आम्ही शेकडो वेळा केला आहे. दोन्ही बाजूंना काळी जमीन. त्या दिवसांत वेचणी चाललेला कापूस, तूर, नुकती उगवलेली ज्वारी-हरभरा. पण त्या रात्री आम्ही हा रस्ता पहिल्यांदा ऐकला. चढ लागला की इंजिनाचा आवाज बसतो, उतार आला की चाक इंजिनाला ढकलू लागते, खड्ड्यातून जाताना साखळी खळखळते, हे सगळे क्लच असताना कधी कानावर आलेच नव्हते. तीन-चारदा चुकलो. मूठ उशिरा सैल केली आणि पायाने जोर लावला, तेव्हा गाडीने असा हिसका दिला की साखळी तुटते की काय असे वाटले.

एका गावाजवळ रस्त्यावर म्हशी आल्या. न्यूट्रल करायला उशीर झाला आणि गाडी बंद पडली. अंधारात उभे राहिलो. तेवढ्यात खांद्यावर फावडे आणि हातात बॅटरी घेतलेले दोन शेतकरी दिसले. शेतीची लाइट रात्रपाळीची, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेले. त्यांनी कोण, कुठले, काही विचारले नाही. "ढकलायची का?" एवढेच विचारले आणि ढकलली. साडेदहाच्या सुमारास आम्ही सेलूला घराच्या दारात गाडी न्यूट्रल करून थांबवली. मागोमाग टेम्पोतून आमचा तरुण सोबतीही उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परभणी गाठली. कागद वेळेत गेला. ती मुलगी आज नर्स आहे.

महिनाभराने मिस्त्रींचे आभार मानायला गेलो तेव्हा त्यांच्या हाताची हकीकत कळली. तरुणपणी ते दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. मळणीयंत्रात पेंढी सारताना हात आत ओढला गेला. यंत्राच्या तोंडाशी हात लांब ठेवणारे नाळके नव्हते. मालकाने दवाखान्याचा खर्च केला आणि पुढच्या वर्षी कामाला बोलावले नाही. कायद्याचे कोणी सांगितले नाही. वास्तविक १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्राचा कायदा झाला आहे. त्यात मळणीयंत्र येते आणि यंत्रावर काम करताना जखमी झालेल्या मजुराला भरपाईची तरतूद आहे. आम्ही हे सांगितले तेव्हा मिस्त्री हसले. "तवा तुमी कुठं होते, भाऊ?" म्हणाले. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग ते एका गॅरेजवर चहा-पाणी आणायला राहिले आणि बघत बघत काम शिकले. गाडी चालवायला शिकले ते उस्तादाच्या येझदीवर. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी तयार होऊ लागल्या. मूळ रचना चेकोस्लोव्हाकियाची. त्या गाड्यांची एक खुबी जुन्या वाचकांना आठवत असेल. किक आणि गिअरचा खटका एकच आणि पायाने गिअरचा खटका दाबला की तोच खटका आतून क्लचही सोडवीत असे. गाडी चालू झाल्यावर डाव्या हाताला कामच नाही. तीन बोटे नसलेल्या पोरासाठी जणू ती गाडी मुद्दाम बनवलेली होती. पण १९९६ साली तो कारखाना बंद पडला, सुटे भाग मिळेनासे झाले, उस्तादाची येझदी भंगारात गेली. नव्या गाड्यांना लिव्हर दाबल्याशिवाय गत्यंतर नाही, असे सगळे म्हणत. "दोन बोटांनी दिवसातून शंभरदा लिव्हर दाबायची म्हणलं की रातीला हात सुजायचा," मिस्त्री म्हणाले. "मग येझदीचं जे काम पाय करायचा, ते मी मुठीवर आणलं. निघताना एकदा आन थांबताना एकदा, बस."

म्हणजे आम्हाला एका रात्रीपुरती जी विद्या लागली, ती त्यांनी वीस वर्षे रोजच्या भाकरीसाठी वापरली होती.

आम्ही घरी येऊन या विषयाचे थोडे वाचन केले. जपानच्या होंडा कंपनीने १९५८ साली सुपर कब नावाची छोटी गाडी काढली, तेव्हा एका हातात शेवयांच्या वाट्यांची चळत घेऊन घरोघर पोहोचवणाऱ्या हॉटेलच्या पोऱ्याला ती एका हाताने चालवता यावी, असा विचार केला होता. म्हणून तिला क्लचची लिव्हरच नाही; गिअर पायाने आणि क्लच आपोआप. २०१७ पर्यंत या जातीच्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या. तिचाच भाऊबंद आपल्याकडे हिरो होंडा स्ट्रीट नावाने १९९७ साली आला आणि २००९ साली टीव्हीएसने जाइव्ह ही लिव्हर नसलेली मोटारसायकल काढली. दोन्ही आपल्याकडे फार काळ टिकल्या नाहीत. २०२३ साली होंडाने मोठ्या महागड्या मोटारसायकलींसाठी विजेवर आपोआप चालणारा क्लच आणला. शर्यतीच्या गाड्यांत तर खटका दाबताच इंजिनाची ठिणगी क्षणभर बंद करणारे यंत्र असते. त्यानेही खुंट्यांवरचा दाबच घालवला जातो. देवगाव फाट्यावरचा माणूस मनगटाने जे करतो तेच.

आता तरुण वाचकांना चार शब्द. हल्ली मोबाईलवर बघून पोरे ऐटीसाठी बिनक्लच गिअर टाकतात, मागे मित्र बसवून. त्यांनी मिस्त्रींच्या पोत्यावरचे गिअर पाहावेत. चुकीच्या वेळी टाकलेल्या प्रत्येक गिअरने खुंटीची कडा झिजते. कडा गोल झाली की गिअर टिकत नाही, ऐन चढावर सटकतो आणि ती झीज बदलायला सगळे इंजिन उघडावे लागते. हप्त्यावर गाडी घेतलेल्या घराला तो खर्च पेलत नाही. मिस्त्री स्वतः आपल्या पोराला सांगतात, "तुला पाच बोटं हायेत, क्लच दाब." घरातली बाईमाणसे, लेकरे मागे बसलेली असताना तर हा प्रयोग कधीच करू नये. मोकळ्या रस्त्यावर, दिवसा, एकट्याने दोन-चारदा करून माहिती असू द्यावी. अडचणीला उपयोगी पडते, एवढेच तिचे स्थान.

आणि वायर तुटेपर्यंत थांबूच नये. लिव्हर दाबताना खरखर लागली, ती नेहमीपेक्षा जड झाली किंवा टोकाशी वायरीचा एखादा तार सुटलेला दिसला की समजावे. वायर एकदम तुटत नाही, तार तार करून तुटते. आमचीही महिनाभर सांगत होती, आम्हीच ऐकले नाही. महिन्याकाठी तेलाचे चार थेंब सोडावेत आणि एक जादा वायर जवळ बाळगावी. लांबचा प्रवास करणारे जुन्या वायरीच्या बाजूनेच नवी वायर ओढून ठेवतात. म्हणजे रस्त्यात फक्त टोके जोडायची.

गेल्या हिवाळ्यात मंठ्याकडून येताना पुन्हा फाट्यावर थांबलो. मिस्त्रींचा मुलगा आता दुकान बघतो. मिस्त्री बाकड्यावर बसून आवाजावरून गाडीचा आजार सांगतात. स्वतः आता बिनगिअरची स्कूटर चालवतात. आम्हाला बघताच त्यांनी आधी चहा सांगितला आणि मग विचारले, "वायर हाय का सोबत?" आम्ही सीट उचलून दाखवली. नवी वायर होती, कोरी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. मिस्त्रींनी ती दोन बोटांनी उचलून पाहिली, मान हलवली आणि जागच्या जागी ठेवली.